भूल उतरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना भूलगाडा आहे आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणारे जुने कंदील, जुन्या छत्र्या तुम्हाला पुस्तकांत भेटल्या असतील. त्या हळू आवाजात बोलतात, उसासे टाकतात आणि कोणालाही दोष देत नाहीत. मला ते जमणार नाही. मी दोष देणार आहे, नावं घेऊन देणार आहे, आणि तुम्ही ते ऐकून घ्यायचं आहे.

आधी मी कोण ते सांगतो. चंद्रपुरातल्या एका पशुदवाखान्यात मी राहतो. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आहे, पण रईसभाईंनी मला भूलगाडा म्हटलं आणि तेच चिकटलं. रईसभाई म्हणजे इथले मदतनीस. जनावर धरणं, जखम धुणं, पट्टी बांधणं हे सगळं त्यांच्याकडे. मला चार चाकं आहेत. पाठीला ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, छातीवर भुलीच्या औषधाची जड डबी आहे आणि पुढे दोन नळ्या व एक काळा रबरी फुगा आहे. डबीचं बटण फिरवलं की औषधाची वाफ ऑक्सिजनमध्ये मिसळते, नळीतून कुत्र्याच्या श्वासात जाते आणि कुत्रं गाढ झोपतं. मग त्याचं पोट उघडलं तरी त्याला कळत नाही.

तसा मी जन्माने माणसांचा. नागपुरातल्या एका दवाखान्यात सोळा वर्षं मी माणसांना झोपवलं. मग तिथे पडद्यावर आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथून डॉक्टर राजदीप खोब्रागडे यांनी मला उचललं. त्यांनी चंद्रपुरात नुकताच दवाखाना उघडला होता. त्यांनी माझ्या नळ्या बदलल्या, गळकी जागा शोधून काढली, चाकांना तेल घातलं. हात चांगला आहे त्यांचा. टाके तर असे घालतात की शिंप्यानेही पाहत राहावं.

सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. पेशंट घेऊन आलेले लोक दारातून डोकावून मला पाहायचे. "कुत्र्याले गॅसची भूल! पाहा ना बा!" असं म्हणायचे. रईसभाई मला दर सकाळी पुसायचे. सोडलेल्या श्वासातला दूषित वायू शोषणारे माझ्यातले चुन्याचे पांढरे खडे जांभळे पडले की लगेच बदलायचे. ठेकेदाराच्या पामेरियनपासून शेतावरच्या राखणदार कुत्र्यापर्यंत सगळ्यांना मी झोपवलं, आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली ती झोपवण्याबद्दल.

माझ्या रागाचं मूळ इथेच आहे. झोपवणं हे अर्धंच काम, मित्रांनो. उरलेलं अर्धं काम उठण्याचं, आणि ते बघायला कोणी थांबत नाही. शेवटचा टाका पडला की दिवा बंद, हातमोजे बादलीत, आणि सगळे चहाला. कुत्रं मात्र अजून वाटेतच असतं. माझी वाफ त्याच्या अंगातून बाहेर पडते ती श्वासावाटे, थोडी थोडी करत. श्वास मंद झाला तर ती रेंगाळते. तेवढा वेळ त्याला गिळता येत नाही, मान उचलता येत नाही, आणि अंगाची ऊब राखणारा मेंदूचा कोपराही झोपलेलाच असतो. कोणी उठताना पाय मारतं, कोणी मोठ्याने रडतं. तो ठेकेदाराचा पामेरियन उठताना असा केकाटला की मालकाने डॉक्टरांची कॉलर धरली. ते रडणं दुखण्याचं नव्हतं. आपण कुठे आहोत हे न कळल्याचं होतं. अशा वेळी खोली शांत हवी, अंगाखाली सुकं कापड हवं आणि जवळ एक माणूस हवा. यातली एकही गोष्ट बाजारातून आणावी लागत नाही.

आता आमचं चंद्रपूर कसं ते तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात इथे पंखा फुफाटा ओततो. त्यामुळे इथल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली आहे. कोणी पडला, कोणी गळाला, कोणाची वाचा गेली, की त्याला ऊन लागलं. मग खिशात कांदा, डोक्यावर पाणी, आणि माणूस कूलरसमोर. माणसांचे जीव यानेच वाचतात, मी नाही म्हणत नाही. पण प्रत्येक पडलेल्याला ऊनच लागलेलं नसतं!

ब्रुनो नावाचा एक लॅब्राडोर होता. संघप्रियाताई नावाच्या शिक्षिका बाईंचा. त्याच्या मांडीवरची गाठ काढायची होती. मे महिना होता. दोन तास चाललं. गाठ निघाली, टाके झाले, माझं बटण बंद झालं. ब्रुनोने गिळल्यासारखं केलं तशी त्याच्या घशातली नळीही काढली. इथवर सगळं नीट होतं. मग डॉक्टर म्हणाले, "रईसभाई, याले कूलरसमोर ठेवा, अंगावर पाणी मारा थोडं. लई गर्मी हाय." आणि ते दुसऱ्या गावाला म्हैस पाहायला निघून गेले. रईसभाईंनी सांगितलं तसं केलं. ओला टॉवेल घातला, कूलर पुरा सोडला आणि बाहेर पेशंटची नावं लिहायला बसले.

मी तिथेच चार हात अंतरावर उभा होतो. दोन तास स्पिरिटने पुसलेलं, पोट-मांडी भादरून घेतलेलं, गार पत्र्याच्या टेबलावर निजलेलं ते कुत्रं आधीच गार पडलं होतं. बाहेर शेहेचाळीस अंश ऊन, आणि आत ब्रुनो थंडीने मरत होता. मला ओरडता आलं असतं तर मी छप्पर उडवलं असतं. दुपारी चारला रईसभाई आत आले तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता.

संघप्रियाताई धावत आल्या. तोवर परतलेले डॉक्टर त्यांना म्हणाले, "ताई, मशीनची भूल उतरलीच नाही."

मशीनची! ऐकलंत? आपल्या मराठीत भूल या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मी देतो ती. दुसरी माणसाच्या हातून होते ती. त्या दिवशी डॉक्टरांनी दुसरी भूल उचलून पहिलीच्या नावावर टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डॉक्टर खोटं बोलले असंही मला म्हणता येत नाही, कारण त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं. थर्मामीटर लावून पाहिला असता तर कळलं असतं. तो खोक्यात होता आणि खोकं हातभर अंतरावर होतं.

मग माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. अंगावर फाटकी चादर, शेजारी तुटकी खुर्ची आणि खताची पोती. उंदरांनी एक नळी कुरतडली. वर्षभर मी तिथे होतो. बाहेर सगळी कामं सुईच्या भुलीवर चालली होती. लांबलेल्या ऑपरेशनात सुईची भूल मध्येच उतरायची आणि कुत्र्याचं कण्हणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. लोक म्हणायचे, गॅस नको बा, गॅसनं ब्रुनो गेला. बदनामी माझी झाली याचं मला दुःख होतं, पण राग त्या कण्हण्याचा जास्त होता.

पुढच्या मे महिन्यात गिरजाबाई आल्या.

गिरजाबाई गोंडपिपरीकडच्या. तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचा हंगाम चालला होता. पहाटे बायका पानं तोडायला जंगलात शिरतात, आणि गिरजाबाईंच्या पुढे त्यांची काळी कुत्री चालायची. नाव कोळशी. वाघाचा वास आला की कोळशी जागच्या जागी थांबून एका ठरावीक आवाजात भुंकायची आणि बायका मागे फिरायच्या. त्यांच्या टोळीतल्या बाराजणी कोळशीच्या भरवशावर जंगलात जात होत्या. त्या दिवशी पिल्लंवाल्या रानडुकरिणीने कोळशीचं पोट फाडलं. गिरजाबाईंनी तिला पानाच्या बारदान्यात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळलं, काळीपिवळी जीप धरली आणि चंद्रपूर गाठलं.

डॉक्टरांनी जखम पाहिली. मग म्हणाले, "हे सुईवर होत नाई. दोन-अडीच तास लागतील. रईसभाई, भूलगाडा काढा."

रईसभाईंचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाब, थो? ब्रुनोवाला?"

"दुसरा काय आहे आपल्यापाशी?"

मला बाहेर काढलं. नवी नळी, नवे खडे, नवा सिलिंडर. फुगा दाबून गळती पाहिली. मी वर्षभर धूळ खात होतो, तरी एक फुंकरही गळली नाही. कोळशी झोपली. अडीच तास मी तिला श्वासागणिक सांभाळलं. डॉक्टरांनी आतडं धुतलं, तीन ठिकाणी सांधलं, पोट बंद केलं. बटण बंद झालं. दहा मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला. कोळशीने गिळलं, नळी निघाली. डॉक्टरांनी कपाळ पुसलं आणि हात धुवायला, दोन घास खायला आत गेले.

आणि रईसभाईंनी काय केलं असेल? कोळशीला कूलरसमोर ठेवलं. मग तांब्या भरला.

रईसभाई वाईट माणूस नाही, मित्रांनो. दवाखान्याच्या दारातल्या भटक्या कुत्र्यांना ते स्वतःच्या डब्यातली पोळी घालतात. त्यांनी तो तांब्या मायेनेच ओतला. म्हणून तर मला जास्त राग येतो. दुष्ट माणसाला हटकता येतं. मायेने चूक करणाऱ्याला कोण हटकणार?

वीस मिनिटं गेली. कोळशी उठेना. पायांना बारीक कापरं सुटलं आणि मग तेही थांबलं. दारात बसलेल्या गिरजाबाई म्हणाल्या, "भाऊ, हे उठून काऊन नाई राह्यली?"

"ऊन लागलं वाटते, बाई. आनखी पानी मारतो."

"थांबा." गिरजाबाई आत आल्या. दवाखान्यात आत यायची परवानगी नव्हती, पण त्यांनी विचारलंच नाही. खाली बसल्या, कोळशीचा कान मुठीत धरला, मग पंजा धरला. "अवं माय! हे त थंडीगार हाय. ऊन कुठी लागलं? हात लावून पाहा ना जी!"

"बाई, बाहेर आग पडून राह्यली—"

"बाहेर पडून राह्यली. इथी आत नाई." गिरजाबाईंचा आवाज चढला. "आमच्या घरी शेळी विते. ओलं पिल्लू पडलं का आमी त्याच्यावर पानी मारतो काय, भाऊ? बारदान्यानं पुसून चुलीपाशी ठेवतो. माह्या कोळशीले काऊन पानी मारून राह्यले तुमी?"

आणि त्यांनी उठून कूलरचं बटण बंद केलं. मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर वाजवल्या असत्या.

आवाज ऐकून डॉक्टर हात न पुसताच आले. रईसभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, बाई म्हणते थंडी झाली." डॉक्टर कोळशीच्या हिरड्या पाहायला वाकले. हिरड्या फिकट होत्या. त्यांनी खोक्यातला थर्मामीटर काढला. कुत्र्याचा पारा शंभर फॅरनहाइटच्या वर हवा. पारा चौऱ्याण्णवला थांबला होता.

डॉक्टरांनी कोरडी चादर मागितली. रईसभाईंनी कोळशीला पुसून कोरडी केली. सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून बगलेशी लावल्या. गिरजाबाईंनी बाहेर उन्हात पडलेलं रिकामं बारदानं आणलं, ते तापून उबदार झालं होतं, आणि पाठीवरून घातलं. मला जवळ ओढलं. भुलीची डबी बंदच ठेवून फक्त ऑक्सिजन सोडला, तोंडाशी मास्क धरला. मग सगळे बसले. माझ्या सगळ्या नोकरीत मी पहिल्यांदाच एवढी माणसं एका उठणाऱ्या जिवाजवळ बसलेली पाहिली.

गिरजाबाई तिच्या कानाशी बोलत होत्या. "जंगलात भुलनवेलीवर पाय पडला का मानूस वाट भुलते," त्या रईसभाईंना म्हणाल्या. "त्याले त्याचं नाव घेऊन हाक मारा लागते. ओरडून नाई, हळूच. तवा वाट गवसते." आणि खाली वाकून, "कोळशे, ये वो. इकडं ये."

शहाण्णव. दुपारची जीप बाहेर भोंगा वाजवू लागली. रईसभाई म्हणाले, "बाई, जीप चालली तुमची."

"जाऊ द्या. हे उठल्याबिगर मी उठत नाई."

सत्त्याण्णव झाले. आणि तेव्हा रईसभाईंच्या डोक्यात ते शिरलं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. "डॉक्टरसाब," ते म्हणाले, "ब्रुनोले पन मीच पानी मारलं होतं."

डॉक्टरांनी पाऱ्यावरची नजर काढली नाही. ते म्हणाले, "मीच सांगतलं होतं तुमाले."

साडेअठ्ठ्याण्णवला कोळशीला पुन्हा कापरं सुटलं. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं आहे, अंग आता स्वतः ऊब करतंय. मग तिचा कान हलला. मग तिने पोटावर वळायचा प्रयत्न केला, पडली, पुन्हा वळली. मान वर आली. तिने धूसर डोळ्यांनी रईसभाईंकडे पाहिलं आणि गुरगुरली. गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि लगेच रडल्या. "वळखलं, भाऊ, तिनं तुमाले," त्या म्हणाल्या.

कोळशी तीन दिवस राहिली आणि चालत गेली. इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हालाही बरं वाटलं असतं आणि मलाही. पण माझा राग गेला नव्हता. कारण त्या दिवसापासून दोन माणसांना खरं काय ते माहीत होतं, आणि दोघंही गप्प होते. उठणाऱ्या कुत्र्याजवळ आता स्टूल ठेवलं होतं, थर्मामीटर खिळ्याला टांगला होता, कूलर दुसऱ्या खोलीत गेला होता. सगळं सुधारलं. फक्त ज्यांचा ब्रुनो गेला त्यांना कोणी काही सांगितलं नाही. डॉक्टर दोनदा फोन हातात घेऊन बसले आणि दोनदा खाली ठेवला. चूक सुधारणं एकवेळ सोपं असतं, मित्रांनो, ती कबूल करताना मात्र जीभ जड होते.

जुलैत संघप्रियाताई स्वतःच आल्या. हातात एक लहानसं पिल्लू होतं, लस द्यायला आणलेलं. त्यांनी मला पाहिलं आणि दारातच थांबल्या. "मी याला इथेच धरते," त्या म्हणाल्या. "त्या मशीनजवळ नका नेऊ."

डॉक्टर बेसिनपाशी उभे होते. नळ सुरू होता. त्यांनी तो बंद केला नाही आणि वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, आताही हे असंच जाणार.

रईसभाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. "मॅडम," ते म्हणाले, "मशीननं नाई मारलं. मशीन चांगली हाय. आमी त्याले थंडीत ठेवलं. पानी मारलं. मी मारलं."

नळ बंद झाला. "मी सांगितलं होतं, ताई," डॉक्टर म्हणाले. "आणि नंतर तुम्हाला खरं सांगितलं नाही."

संघप्रियाताई ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडायला हवं होतं, असंही वाटलं. त्या पिल्लाला छातीशी धरून स्टुलावर बसल्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"तो उठत होता तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं?"

"कोनीच नाई, मॅडम," रईसभाई म्हणाले.

मित्रांनो, मी तिथे होतो, पण मी मोजला जात नाही. मला हात नाही, आवाज नाही. तुम्हाला दोन्ही आहेत. तुमचं जनावर भुलीतून उठत असेल तेव्हा "आता घेऊन जा" म्हणणाऱ्याला सांगा, अजून नाही. त्याचा कान धरून पाहा, गार लागला तर डॉक्टरांना हाक मारा, ओलं असेल तर पुसा, आणि ते मान उचलेपर्यंत तिथून हलू नका. कोणी हसलं तर हसू द्या. संघप्रियाताईंना त्या दिवशी जे उत्तर ऐकावं लागलं, ते तुमच्या घरी कोणाला ऐकावं लागू नये.